चवथीआधी टीव्हीखालचा पीसी बदलताना

नवा घेण्याआधी जुना खरंच मेलाय का, ते बघा. आमचं घर गोव्यात, मांद्र्याला, समुद्राची गाज ऐकू येते एवढ्यावर. जूनमध्ये टीव्हीखालचा लिनक्सवाला पीसी नुसता बीप-बीप करायला लागला. रॅमची पट्टी उपसली तर सोनेरी दातांवर हिरवट पुटं. पोराच्या खोडरबरने घासली, गडी उठला. जुलैत परत तेच, आणि या खेपेला मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर टम्म फुगलेले. मग मात्र नाद सोडला.

पुढचं काम दुकानात नव्हे, आपल्याच हार्ड डिस्कवर. सिनेमे कुठल्या कोडेकमधले, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायच्या कुठल्या पद्धतीतले आहेत, ते मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघून घ्या. साधं एच.२६४ कुठलाही डबा खेचतो. दहा बिटांचं एचईव्हीसी हार्डवेअरवर, म्हणजे प्रोसेसरला न दमवता चिपमधल्या खास भागावर चालायला इंटेलची सातवी पिढी तरी हवी, एव्ही१ या कोडेकला अकरावी. दुकानदार आय-सेव्हन पुढे करील, भुलू नका. २०२३ साली आलेला एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅटचा चिमुकला प्रोसेसर दोन्ही कोडेक आरामात उलगडतो, आणि कोडीला, म्हणजे टीव्हीवर सिनेमे लावायच्या सॉफ्टवेअरला, ८ जीबी रॅम पुष्कळ झाली. एव्ही१ नको असेल तर ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा सेकंडहँड मिनी पीसीही चालेल. रास्पबेरी पाय ५ हा एका पाटीवरचा छोटा संगणक बघत असाल तर त्यात हार्डवेअरवर एचईव्हीसीची सोय आहे, एच.२६४ मात्र तो प्रोसेसरच्या जिवावर चालवतो. वेगळं ग्राफिक कार्ड मी घेणार नाही. माझ्या जुन्या कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर लिनक्सचा गाभा (कर्नल) बदलला की रुसायचा, आणि दर वेळी त्याची मनधरणी करण्यात रविवार जायचा.

पणजीला किंवा म्हापशाला जाताना खिशात पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर ताजं लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं. दुकानदाराला सांगून त्यावरूनच मशीन चालू करा आणि टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो (vainfo) ही कमांड मारा. यादीत एचईव्हीसी मेन१० आणि त्याच्यासमोर व्हीएलडी दिसलं म्हणजे डीकोडिंग आहे. तेवढ्यात वायफाय लागतं का, एचडीएमआयमधून आवाज येतो का, तेही उरका. ४के चित्र ३० हर्ट्झवरच अडकलं तर मशीनला बोल लावण्याआधी केबल बदलून बघा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा पूर्ण वेग चालू आहे का ते पाहा. लिनक्सच्या ब्राउझरवर नेटफ्लिक्स ४के मिळत नाही; त्यासाठी कितीही भारी मशीन घेतलं तरी उपयोग नाही.

किनाऱ्यावरच्या घरात माझ्या लेखी प्रोसेसरपेक्षा पंख्याचा प्रश्न मोठा. पंखा म्हणजे खारी हवा आत ओढणारं यंत्र. म्हणून बिनपंख्याची, धातूच्या कवचाची पेटी घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ती काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंबू नका. पावसाळ्यात मी ती दिवसातून दोन-तीन तास तरी चालू ठेवतो, आतल्या उबेने ओल धरत नाही.

वीज गेली-आली हे तर धरूनच चला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ‘वीज आल्यावर आपोआप चालू व्हा’ ही सेटिंग आहे का ते घेतानाच बघा, नाहीतर दर वेळी आई तुम्हाला फोन करणार. छोटा यूपीएस हवाच. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही.

रिमोटचं आधी ठरवा. रास्पबेरी पायवर टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं, एचडीएमआय केबलमधून हुकूम पोचवणाऱ्या सीईसीमुळे. बहुतेक मिनी पीसींना हे सीईसीच नसतं, तेव्हा यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर वेगळा घ्यावा लागतो. जुना पीसी भंगारात देण्याआधी कोडीचं फोल्डर कॉपी करा आणि एफस्टॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या लिनक्सच्या फाइलीत, डिस्कांची नावं यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येकीच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने लिहा. नव्या मशीनवर डिस्कचं नाव एसडीएचं एसडीबी झालं, की कोडी उघडतं पण सिनेमा एकही सापडत नाही.