दुसरी गिटार घेण्याची वेळ

माझ्याकडे फोंड्याला शिकायला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्यांदा यामाहाची सी-40 किंवा तिच्याच तोलाची एखादी क्लासिकल, म्हणजे नायलॉन तारांची गिटार असते, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षे ती चोख काम करते. मग उजवा हात ब्रिजजवळ (तारा खाली जिथे बांधतात त्या पट्टीजवळ) नेला काय किंवा साउंडहोलवर (पुढच्या गोल भोकावर) आणला काय, आवाजाचा रंग बदलेनासा होतो. जोरात छेडले तर स्वर मोठा होण्याऐवजी फाटतो, आणि खर्जाच्या तारांवरची चाल व वरच्या तारांवरची धून एकमेकींत मिसळून जातात. विद्यार्थ्याचा हात तयार झाला असून वाद्य मागे पडले आहे, याची ही खूण समजावी.

तरीही नवी गिटार शोधण्यापूर्वी जुनीवर नव्या नायलॉन तारा चढवून आठवडाभर वाजवून पाहावे. खर्जाच्या तीन तारांवर बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे वेटोळे असते, आणि घामाने व समुद्रावरच्या खाऱ्या हवेने ते काळवंडले की चांगल्या वाद्याचाही आवाज मंद होतो. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार फ्रेटपासून सुमारे 4 मिलिमीटर आणि पहिली, सर्वांत बारीक तार सुमारे 3 मिलिमीटर उंच असावी. उंची याहून बरीच जास्त असेल, तर जाणकाराकडून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी, खालच्या बाजूने घासून घ्यावे. तार 1 मिलिमीटर खाली आणण्यासाठी सॅडल साधारण 2 मिलिमीटर कमी करावे लागते. एवढे करूनही समाधान झाले नाही, तरच खर्चाचा विचार करावा.

खर्च करायचा तो तबलीवर. सतार-तानपुरा बनवणाऱ्यांचा हा शब्द गिटारीच्या पुढच्या फळीलाही अगदी चपखल बसतो. आजच्या क्लासिकल गिटारीला तिचा आकार देणारे स्पेनचे कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, आणि तबली मात्र उत्तम लाकडाची ठेवून आवाज मुख्यतः तिच्यातून येतो हे दाखवून दिले. स्वस्त गिटारींची तबली पातळ थर चिकटवून केलेली, म्हणजे प्लायवूडची असते. ती टिकाऊ खरी, पण मोकळेपणाने कंप पावत नाही. दुसरी गिटार घेताना अखंड लाकडाची तबली ही एकच अट मी विद्यार्थ्यांना सोडू देत नाही. माहितीपत्रकात नुसते ‘स्प्रूस टॉप’ लिहिले असेल, तर ते प्लायवूडच असावे असे धरून चालावे. ‘सॉलिड’ हा शब्द हवाच. शक्य असेल तेथे साउंडहोलची कड निरखून पाहावी: वरच्या पृष्ठावरच्या लाकडाच्या रेषा फळीच्या जाडीतूनही सरळ खाली गेलेल्या दिसल्या, तर लाकूड अखंड आहे.

तबली स्प्रूसची घ्यावी की सीडरची, हा बराचसा कानाचा प्रश्न आहे. सीडरचा आवाज पहिल्या दिवसापासून उबदार आणि मोकळा लागतो, तर स्प्रूसचा अधिक स्वच्छ असतो आणि वाजवत राहिल्यावर वर्षानुवर्षे खुलत जातो. यामाहाची सीजी122 ही गिटार दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास फरक चटकन कळतो. पाठ आणि बाजू आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीच्या असल्या, तर मन मोहून जाते हे मला मान्य आहे. तथापि गोव्याच्या दमट हवेत, वातानुकूलित खोली नसलेल्या घरासाठी अखंड तबली आणि प्लायवूडची पाठ-बाजू हीच जोडी मला शहाणपणाची वाटते, कारण प्लायवूड हवेप्रमाणे फारसे फुगत-आकसत नाही आणि वाचलेला पैसा तबलीवर लावता येतो.

मापाकडे सहसा दुर्लक्ष होते. तारेची प्रचलित लांबी 650 मिलिमीटर आणि नटपाशी (मानेच्या शेंड्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी) मानेची रुंदी सुमारे 52 मिलिमीटर असते. हात लहान असेल, तर 640 किंवा 630 मिलिमीटरची गिटार मागण्यात कमीपणा नाही.

दुकानात जाताना मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, ट्यूनर आणि हातात पक्की बसलेली एकच रचना घेऊन जावे, आणि तीच रचना प्रत्येक गिटारीवर वाजवावी. आधी अगदी हलक्या हाताने वाजवावे, कारण चांगले वाद्य हलक्या हाताने वाजवल्यावरही भरीव बोलते. त्यानंतर पहिल्या तारेवर पाचव्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर छेडून तो किती वेळ टिकतो ते ऐकावे. एखादा स्वर मध्येच मरत असेल, तर तो दोष घरी नेल्यावर जाणार नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) आणि तेथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. तानपुऱ्यात जवारी हवी असते, गिटारीत मात्र तसा झणझणाट हा दोषच होय. मान शेंड्याकडून एका डोळ्याने न्याहाळून ती पिळलेली नाही ना हे पाहावे, कारण बऱ्याच क्लासिकल गिटारींच्या मानेत ती सरळ करणारी लोखंडी कांब नसते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद शिरत असेल, तर ते वाद्य परत ठेवावे. शेवटी दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगून आपण पाच-सहा पावले दूर उभे राहावे, कारण वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारा आवाज आणि समोर पोहोचणारा आवाज वेगळे असतात.

माझी स्वतःची चूक येथे सांगणे योग्य होईल. पूर्वी एकदा मी एप्रिलमध्ये वातानुकूलित दुकानातून पूर्ण अखंड लाकडाची एक सुरेख गिटार आणली. ऑगस्टमध्ये तिची तबली ब्रिजमागे फुगली आणि तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की वरच्या फ्रेटवर बोट टेकवणेही कठीण झाले. पावसाळ्यात तबला उतरतो हे ठाऊक असूनही गिटारीबाबत मी तो विचार केला नव्हता. म्हणून निवड शक्यतो पावसाळ्यात करावी, म्हणजे दमट हवेतील वाद्याचे खरे रूप दिसते; एरवी घेतल्यास सॅडल थोडे उतरवण्याइतकी जागा उरली आहे ना, हे पाहून ठेवावे. हवेतील आर्द्रता 45 ते 55 टक्के असणे लाकडाला मानवते, आणि आपल्याकडे पावसात ती 80 टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे गिटारीसोबत घट्ट बंद होणारी कडक पेटी आणि आर्द्रतामापक घ्यावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर आठवड्याला बदलाव्यात, आणि ओली बाहेरची भिंत टाळून पेटी घरातल्या आतल्या कोरड्या भिंतीशी उभी ठेवावी.