नागपूरचा उन्हाळा, विजेचं बिल आणि गच्ची : एसी घेण्याआधी काय करायचं

एप्रिल लागला की एसीच्या दुकानात ठरलेला संवाद ऐकू येतो. "कितव्या मजल्यावर राहता? सगळ्यात वरच्या? मग भाऊ, दोन टनाचाच घ्या." वरचा मजला एवढा तापतो कशामुळे, हे ना दुकानदार विचारत ना आपण.

नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. भिंतींवर ऊन तिरपं पडतं. गच्ची मात्र दिवसभर सरळ ऊन खाते. काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. रात्री अकराला स्टुलावर चढून छताला तळहात लावा, लगेच कळेल. पंखा तीच गरम हवा खाली ढकलत असतो.

आधी जुनं बिल काढा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. फेब्रुवारीचे युनिट बघा, मेचे बघा. दोघांतला फरक म्हणजे ढोबळमानाने घर थंड ठेवण्याचा खर्च. फेब्रुवारीत 150 आणि मेमध्ये 480 असतील, तर 330 युनिट निव्वळ उन्हाळ्याचे. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, आणि वाचलेला युनिट नेहमी सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतो. थोडी बचतही बिलात ठळक दिसते ती त्यामुळे.

मग गच्ची पांढरी करा. सर्वात स्वस्त उपाय चुन्याचा. गच्ची झाडून धुवायची, भेगा भरायच्या, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळायचं. पृष्ठभाग ओला करून संध्याकाळी पहिला हात द्यायचा, दुसऱ्या दिवशी उलट दिशेने दुसरा. मी पहिल्या वर्षी मेच्या भर दुपारी ब्रश फिरवला होता. चुना पकडण्याआधीच वाळला आणि आठवडाभर घरात सगळ्यांचे तळपाय पांढरे. हे काम फेब्रुवारी-मार्चचं आहे. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करावं लागतं.

दरवर्षीची कटकट नको असेल तर उष्णता परावर्तित करणारा रंग मिळतो. डब्यावर 'एसआरआय' हा आकडा बघा, म्हणजे पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि किती कमी तापतो त्याचं माप. 100 च्या आसपास असेल तर उत्तम. आकडाच छापलेला नसेल तर तो नुसता पांढरा रंग समजा. गच्ची गळते म्हणून ब्रिकबॅट कोबा नव्याने करायचाच असेल, तर त्याच खर्चात वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करून घ्या. अनेक वर्षं टिकतो, फक्त धूळ धुवावी लागते. हिरवी नेट बांधायची तर स्लॅबपासून चार-पाच फूट वर, हवा खेळेल अशी. रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय मात्र सोडा, ऐन टंचाईत ते परवडणारं नाही.

पश्चिमेची खिडकी. आतल्या पडद्याचा उपयोग कमी, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. अडवायचं ते बाहेर : बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, मोठा छज्जा.

आता यंत्रांकडे वळू. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. रोज 15 तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात. पाच पंख्यांचे 100. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे घासाघीस करण्याआधी लेबल वाचा.

कूलरबद्दल इथल्या माणसाला काय शिकवायचं! तरी एक सांगतोच : समोरची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर दीड टनाच्या एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागवतो. मृग लागल्यावर त्याचं काही चालत नाही, तेव्हा एसी लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमामुळे 2020 पासून नवे एसी सुरू होतानाच 24 अंशांवर येतात. ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. 26 अंश आणि सोबत पंखा, एवढ्यात झोप छान लागते.

नवा फ्लॅट घेणार असाल तर मॉड्युलर किचनआधी भिंत आणि छताची चौकशी करा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याच्या आधारे व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये संहिता आली आणि घरांसाठी 2018 मध्ये 'इको निवास संहिता'. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी प्रकल्पांसाठी ती लिहिली आहे. छतातून उष्णता आत येण्याचा वेग, म्हणजे यू-व्हॅल्यू, तिने 1.2 पर्यंत मर्यादित केला आहे. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत घेतो. 2022 च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. तेव्हा बिल्डरला सरळ विचारा : "छताची यू-व्हॅल्यू किती? भिंत विटांची की एएसी ब्लॉकची?" एएसी म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचे हलके ब्लॉक, ते विटेपेक्षा कमी उष्णता आत येऊ देतात. त्यांत कोळशाची राख असते, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांशेजारी राहणाऱ्यांना राखेची काय कमतरता! मी हे विचारलं तेव्हा एका सेल्स ऑफिसात मला क्लब हाऊसचे फोटो दाखवले गेले. उत्तर लेखी मिळत नसेल, तर वरच्या मजल्याचा भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

सोलर सर्वात शेवटी. आधी वापर कमी झाला की पॅनेलही कमी लागतात. नागपुरात 1 किलोवॉटमागे वर्षाची सरासरी धरता दिवसाला चारेक युनिट मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान ठरलं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले दिवे यांच्यासाठी, किलोवॉटमागे 18 हजार. पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच.

सोसायटीत हा विषय सर्वसाधारण सभेत ठराव करूनच घ्या, आणि ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या : पॅनेल धुणार कोण, पुढे वॉटरप्रूफिंग निघालं तर सांगाडा हलवण्याचा खर्च कोणाचा, आणि पापड-कुरडया वाळवायला गच्चीचा कोणता कोपरा मोकळा राहणार. आमच्याकडे सभा अडली ती तिसऱ्या मुद्द्यावर. शेवटी पाण्याच्या टाकीजवळची दक्षिणेकडची जागा काकूंना मिळाली आणि दोन पॅनेल कमी बसले.