खान्देशातल्या बागेसाठी जमीन झाकणारी झाडं कशी निवडावीत

जुलैत रोपवाटिकेतली सगळीच रोपं टवटवीत दिसतात. निवडताना मात्र मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ डोळ्यांसमोर ठेवा. जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांजवळ पोचतो, तेव्हा खरी परीक्षा असते.

आधी ऊन बघा, तेही दोनदा: थंडीत आणि मेमध्ये. डिसेंबरात दुपारी साडेबाराला भिंतीच्या उत्तरेला जवळजवळ तिच्या उंचीइतकीच सावली पडते. मेअखेरीस सूर्य डोक्यावर येतो आणि तीच जागा उघडी पडते. थंडीत ‘सावली आहे’ म्हणून लावलेला स्पायडर प्लांट उन्हाळ्यात तिथेच भाजून निघतो.

दिवसभर ऊन असेल तर जलपिंपळी उत्तम. रोपवाटिकेत तिला लिपिया म्हणतात. थोडं पायाखाली आलं तरी चालतं, पण फुलांवर मधमाश्या येतात, अनवाणी मुलांना सांभाळा. कोरड्या कडेला ऑफिस टाइम (पोर्टुलाका) लावा. पाणी साचलं की ते सडतं. उतारावर लोळणारी जांभळी घाणेरी बरी. वेडेलिया झटपट पसरतो खरा, पण प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तो कुंपणाबाहेर जातो. शेताला लागून बाग असेल तर नकोच.

सकाळचं तीन-चार तास ऊन येत असेल तर पानओवा, रिओ, जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया. पश्चिमेचं ऊन तीनच तास असलं तरी त्याला अर्धी सावली समजू नका.

लव्हाळा हे तण लागवडीआधी, मेमध्येच काढा. खुरप्याने वरवर कापला तर खालच्या गाठी पुन्हा फुटतात; कुदळीने वीतभर खणून गाठी वेचाव्या लागतात. मग दर चौरस मीटरला घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळून चार-सहा इंच उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबतं, सपाट लावलं तर मुळं गुदमरतात.

लागवड पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. चार इंचांची फाटी (फांदीचा तुकडा), दोन पेरं मातीत. ऑफिस टाइम सहा इंचांवर, जलपिंपळी नऊ, घाणेरी दोन फुटांवर. शंभर चौरस फुटांना नऊ इंचांनी साधारण १८० फाटी लागतात. कमी आणली की मधल्या जागेत हरळी घुसते.

जमीन झाकेपर्यंत मोकळ्या जागेत केळीची वाळलेली पानं चिरून दोन इंच पसरा, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळं उघडी पडणार नाहीत. पानं खोडाला टेकवू नका, वाळवी चढते.