घरच्या घरी हातशिलाईची गोधडी
गोधडीसाठी वापरून मऊ झालेल्या सुती साड्याच निवडाव्यात. सिंथेटिक कापड सुईखाली सरकते. ठाण्याच्या दमट पावसाळ्यात थरांत ओल राहिली, तर कुबट वास येतो, म्हणून साड्या कडक उन्हात वाळवूनच घ्याव्यात. फरशीवर तीन-चार थर पसरून, मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु इथे राहिलेला झोळ पुढे निघत नाही. मग जाड सुती दोऱ्याने, कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे सरकत, बोटभर अंतराच्या ओळींत धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा टाका, घालावा. सुईवर तीन-चार टाके घेऊन मगच दोरा ओढल्यास ओळ सरळ येते. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवेच. शेवटी कच्चे टाके उसवावेत.