बाळ गप्प पडून राहिलं तर: रक्तातल्या जंतुसंसर्गाबाबत या चुका टाळा

"किती गुणी बाळ आहे, रडत म्हणून नाही!" बाळंतिणीच्या खोलीत हे कौतुक ऐकलं की माझ्या पोटात धस्स होतं. कालपर्यंत दोन-तीन तासांनी टाहो फोडणारं बाळ आज पाच तास झाले तरी उठत नाही, अंगावर घेतलं तर दोनदा ओढून सोडून देतं. हे गुणीपण नव्हे. रक्तात जंतू शिरले की, म्हणजे सेप्सिस झाला की, सुरुवात पुष्कळदा अशीच गुपचूप होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तापाची वाट बघणं. तान्ह्याला ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं, त्यातही दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाचं. आधी तळपायाला हात लावा, मग पोटाला. नुसते पाय गार असतील तर बाळाला छातीशी उबेत घ्या. पोटही गार लागलं तर दवाखान्यात निघा. काखेतलं तापमान 35.5 अंश सेल्सियसच्या खाली किंवा 37.5 च्या वर गेलं, तरीही निघा. बाळ शांत असताना श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा; परत तेवढेच भरले तर निघा. छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा झटके येत असतील, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना मंदावलेलं रडणं, मंदावलेलं चोखणं अशा खुणा शिकवल्या, घरच्या घरी उपचार करायला तयार केलं. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते.

नाळेला हळद, राख, तेल काही लावू नका; ती कोरडी राहू द्या. गुटी, मध चाटवणंही नको. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळ कुणाच्याही हाती देऊ नका, पाहुणे रुसले तरी.

आणखी एक चूक दवाखान्यात होते, ती म्हणजे बाळंतपणाची हकिगत अर्धवट सांगणं. पाणी जाऊन 18 तास उलटले होते का, आईला कळांच्या वेळी ताप होता का, बाळ 37 आठवड्यांआधी झालं का, वजन अडीच किलोच्या आत होतं का, हे विचारायची वाट न पाहता सांगा. यातलं काही असेल तर पहिले तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. घरात उरलेलं अँटिबायोटिक मात्र पाजू नका.

108 ला फोन करा. वाटेत बाळ आईच्या छातीला उघडं चिकटवून, डोक्याला टोपडं घालून, वरून दुलई लपेटून न्या. ओढत असेल तर पाजत राहा. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.