शेवंड पाण्यातच कशी मोजावी: फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील पाणबुड्यांसाठी गेजचा वापर

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्कुबाचे सिलिंडर लावून किंवा नुसता श्वास रोखून बुडी मारून शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडता येतात. खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा परवाना आणि त्यावर शेवंडीचे वेगळे परमिट घेतलेल्या कोणालाही त्याची मुभा आहे. जुलैच्या अखेरच्या लागोपाठच्या बुधवार-गुरुवारी दोन दिवसांचा छोटा हंगाम असतो आणि मुख्य हंगाम 6 ऑगस्टपासून 31 मार्चपर्यंत चालतो. या परवानगीबरोबर एक अट येते आणि नवख्या माणसाची गफलत बहुधा तिथेच होते. मोजण्याचे साधन, म्हणजे गेज, पाण्यात असताना स्वतःजवळ बाळगणे बंधनकारक आहे आणि प्रत्येक शेवंड पाण्यात असतानाच मोजली गेली पाहिजे. आधी पिशवीत भरू, बोटीवर नेऊन निवांत मोजू आणि लहान निघाली तर परत सोडून देऊ, असे म्हणण्याची सोय या नियमात नाही.

नियम कडक वाटतो, पण त्यामागची कारणे साधी आहेत. शेवंड कल्ल्यांनी श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर काढताच तिच्यावर ताण येतो. बोट तोवर पुढे सरकलेली असली, तर ती आपल्या कपारीपासून दूर, उघड्या वाळूवर येऊन पडते आणि तिथे तिला मोठ्या माशांपासून आडोसा मिळत नाही. धरताना पाय किंवा मिशा तुटल्या तर ते अवयव पुन्हा येतात, मात्र ती भरपाई होईपर्यंत तिची वाढ मंदावते. जिथे पकडली तिथेच मोजून काही सेकंदांत सोडलेली शेवंड पुढच्या हंगामात कायदेशीर मापाची होण्याची शक्यता त्यामुळे बरीच जास्त असते.

मग नुसत्या नजरेने अंदाज का बांधू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 आहे आणि पाणबुड्याच्या मास्कमध्ये डोळा व काच यांच्यात हवा असते. पाण्यातून त्या हवेत येताना प्रकाश वळतो, आणि म्हणून पाण्याखालची वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ व एक तृतीयांश मोठी भासते. फ्लोरिडात शेवंडीच्या पाठीवरचे कवच 3 इंचांपेक्षा, म्हणजे 76.2 मिलिमीटरपेक्षा मोठे असावे लागते. मास्कमधून मात्र 57 मिलिमीटर कवचाची, अजून वाढीला लागलेली शेवंडही जवळपास तेवढीच दिसते. अनुभवी माणसाची नजर या फुगवट्याला सरावते हे खरे, पण भोवती गाळ उठलेला असताना, कपारीच्या अंधारात आणि हवा संपत आलेली असताना त्या सरावावर विसंबू नये. गेजला या भासाची बाधा होत नाही, कारण शेवंडीला टेकवलेले गेजही तिच्याच प्रमाणात मोठे दिसते आणि दोन्हींची तुलना खरीच राहते.

गेज म्हणजे ठरावीक अंतरावर दोन जबडे असलेली चपटी पट्टी. त्यावर आकडे वाचायचे नसतात, दोन जबड्यांमधले अंतर हेच माप असते. पाण्याखाली हा साधेपणा फार उपयोगी पडतो, कारण एका हातात धडपडणारी शेवंड असताना मिलिमीटरच्या रेघा वाचणे जमत नाही. याच कारणाने व्हर्नियर कॅलिपर घरी ठेवलेला बरा. त्याच्या सरकत्या भागात वाळू अडकते आणि आधी लावलेले माप हाताच्या धक्क्याने हलते. शिंप्याच्या टेपसारखी लवचिक पट्टी तर मुळीच वापरू नये, कारण कवचाची पाठ गोलाईची असते आणि नियमाला त्या गोलाईवरून फिरलेली नव्हे, तर सरळ रेषेतली लांबी हवी असते.

खरेदीच्या वेळी एकाच तुकड्याचे, सांधा नसलेले गेज निवडावे. प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही चालतात. माझी पसंती भडक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाच्या जाड प्लॅस्टिकला आहे, कारण ते तळाशी पडले तरी चटकन दिसते आणि वाकले तर तुटते. अ‍ॅल्युमिनियमचे गेज सिलिंडरखाली दबून किंचित वाकते, आणि वाकलेले गेज धडधाकट दिसत असूनही चुकीचे माप देत राहते. घरी थ्रीडी प्रिंटरवर गेज बनवण्याची हौस असेल तर ते व्हर्नियरने तपासल्याशिवाय पाण्यात नेऊ नये, आणि पीएलए प्लॅस्टिकचे असेल तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण ते मऊ होऊन वाकडे होते. विकतचे गेजही हंगामाच्या सुरुवातीला एकदा व्हर्नियरने पाहून घ्यावे. गेज आखूड दोरीने किंवा आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या रिट्रॅक्टरने बीसीडीच्या, म्हणजे हवा भरता येणाऱ्या पाणबुडी जॅकेटच्या, छातीकडच्या कडीला अडकवावे, म्हणजे न बघता हाताला लागते. लांब दोरीने लोंबकळणारे गेज प्रवाळात अडकते आणि प्रवाळ मोडते. जास्तीचे एक गेज खिशात असू द्यावे. ते स्वस्त असते, आणि पाण्यात गेज हरवले तर त्या बुडीत शेवंड धरता येत नाही.

फ्लोरिडात माप कुठून कुठपर्यंत घ्यायचे हे नियमात नेमके सांगितले आहे. शेवंडीच्या डोळ्यांवर पुढे आलेली दोन काटेरी शिंगे असतात. या दोन शिंगांच्या मधल्या कडेपासून, मऊ भाग वगळून, पाठीच्या मध्यरेषेवरून कवचाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. कवच जिथे संपते आणि शेपटीचे पहिले वेढे सुरू होते, त्या फटीत मऊ पडदा असतो. तो मोजमापात धरत नाहीत. गेजचा पुढचा जबडा शिंगांच्या मधल्या कडेला टेकवावा, गेज मध्यरेषेवर ठेवावे आणि मागचा जबडा हळूच खाली आणावा. तो कवचावरच अडकला, खाली उतरलाच नाही, तर शेवंड घेता येते. तो कवचाची कड ओलांडून मागच्या फटीत उतरला तर शेवंड लहान आहे. कायद्याचे शब्द ‘3 इंचांपेक्षा मोठे’ असे असल्यामुळे जबडा कडेला जेमतेम घासून उतरला, तरी ती सोडलीच पाहिजे.

इथे होणाऱ्या चुकांचे स्वरूप मोठे बोलके आहे. पुढचा जबडा शिंगांच्या मध्ये न टेकवता शिंगाच्या टोकावर ठेवला तर मोजमाप वाढते. मागचा मऊ पडदा हिशेबात धरला तरी वाढते. सरळ रेषा सोडून गोलाईवरून मोजले, तरीही वाढते. म्हणजे घाईत होणारी प्रत्येक चूक पकडणाऱ्याच्या बाजूने झुकते आणि लहान शेवंड पिशवीत जाते. म्हणून माप काठावर आले की एकदा गेज उचलून पुन्हा लावावे, आणि दुसऱ्यांदाही शंका राहिली तर शेवंड सोडून द्यावी.

मोजण्याआधी ती हातात यावी लागते, आणि गेजचा निम्मा प्रश्न या पकडीतच दडलेला आहे. फ्लोरिडात कवच भोसकणारे, टोचणारे किंवा चिरडणारे कोणतेही साधन चालत नाही, त्यामुळे भाला आणि हूक बाद होतात. उरते ती एक लांब बारीक काठी, तिला तिकडे टिकल स्टिक म्हणतात, आणि आखूड दांड्याची जाळी. काठी कपारीत शेवंडीच्या मागे सरकवून शेपटीला हलकेच टोचले की ती पुढे चालत बाहेर येते. मग जाळी तिच्या मागे वाळूवर टेकवावी आणि काठीने तिच्या तोंडाजवळ टकटक करावे. शेवंड घाबरली की शेपटीचे फटके मारत उलटी पळते, आणि अशी पळताना ती आपण होऊन जाळीत शिरते. जाळीचे तोंड लगेच तळाशी दाबावे.

आता जाड हातमोजा घातलेल्या एका हाताने तिला जाळीसकट, कवचाच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाने धरावे, म्हणजे पाठीची मध्यरेषा मोकळी राहते. वरून मूठ आवळली तर नेमकी मोजायची जागाच झाकली जाते. मिशांना धरून ओढू नये, त्या लगेच तुटतात. शेपटीच्या फटक्यांनी बोट चिमटीत सापडू शकते, म्हणून काही सेकंद थांबून ती शांत होऊ द्यावी. दुसऱ्या हाताने गेज लावावे. मोजमाप पुरेसे भरले की तिला उलटी करून पोट पाहावे. शेपटीखाली नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा झुबका दिसला तर ती गाभोळीची मादी आहे, आणि मोजमाप कितीही भरले तरी तिला नेता येत नाही. काही जण आधी पोट पाहतात आणि मग गेज लावतात. काठी फिरवताना गाभोळी दिसलीच असेल तर जाळी लावण्याचाही प्रश्न उरत नाही. सोडताना शेवंड वर पाण्यात भिरकावू नये, ज्या कपारीतून काढली तिच्या तोंडाशी हात नेऊन तिथेच ठेवावी. ठेवायची असेल तर ती अखंडच किनाऱ्यावर आणावी लागते. पाण्यातच शेपटी पिळून वेगळी करणे बेकायदा आहे, कारण कवचच उरले नाही तर मोजणार काय.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर हीच बुडी मारायची झाली तर फ्लोरिडाचे गेज घरी ठेवून जावे. तिथली शेवंड वेगळ्या जातीची आहे आणि किमान माप 3¼ इंच, म्हणजे साधारण 82.5 मिलिमीटर आहे. केवळ सव्वासहा मिलिमीटरांचा फरक असता तर एकवेळ लक्षात ठेवता आला असता, पण मोजण्याचा आरंभबिंदूही तिथे निराळा आहे. कॅलिफोर्नियात डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, पाठीच्या मध्यरेषेवर सरळ मोजतात. त्यामुळे तिथल्या गेजचा पुढचा जबडा डोळ्यांच्या मागे बसतो. पाणबुड्यांना काठी, जाळी काहीच वापरता येत नाही, फक्त हात. शेवंडी रात्री कपारी सोडून चरायला निघतात, म्हणून बुड्याही बहुतेक रात्रीच होतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात शेवंड, अशा स्थितीत गेज कुठे लावले आहे हे हाताला पाठ असणे अधिकच महत्त्वाचे ठरते. टॉर्च मनगटाला अडकवणारा घेतला तर ही अडचण बरीच कमी होते.

न्यूझीलंडमध्ये तर कवच मोजतच नाहीत. तिथल्या रॉक लॉब्स्टरच्या शेपटीच्या दुसऱ्या वेढ्यावरच्या दोन मुख्य काट्यांच्या टोकांमधली रुंदी मोजतात. नरासाठी किमान 54 आणि मादीसाठी 60 मिलिमीटर. म्हणजे गेज लावण्याआधी नर-मादी ओळखता आली पाहिजे. त्यासाठी पायांची सर्वांत मागची जोडी पाहतात, कारण मादीच्या त्या पायांना टोकाशी छोटा चिमटा असतो.

या सगळ्या नियमांत लांबी किंवा रुंदीच का वापरतात, याचे उत्तर आपल्याकडच्या नियमाशी ताडून पाहिले की नीट समजते. केंद्र सरकारने 2003 मध्ये शेवंडींच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. महाराष्ट्र-गुजरातच्या पट्ट्यात प्रामुख्याने मिळणाऱ्या पॅन्युलिरस पॉलिफेगस या जातीसाठी ते 300 ग्रॅम आहे, तर पॅन्युलिरस होमारससाठी 200 ग्रॅम. निर्यातीच्या कारखान्यात काटा असतो, तिथे वजन तपासणे सोपे जाते. पण पाण्यात शेवंडीचे वजन करता येत नाही, आणि काट्यावर कमी भरेपर्यंत बहुधा ती सोडण्याच्या पलीकडे गेलेली असते. पकडीच्या जागीच निर्णय व्हायचा असेल तर माप असे हवे की जे एका हाताने, पाण्यात, दोन-तीन सेकंदांत घेता येईल.

कठीण कवचाच्या इतर प्राण्यांपैकी अबालोन या समुद्री गोगलगायीचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे गेज लावण्याचा क्रम जीवनमरणाचा ठरतो. अबालोन खडकाला घट्ट चिकटलेला असतो आणि त्याला पट्टीने उचकटून काढावे लागते. त्याच्या रक्ताला आपल्यासारखे गोठून जखम बंद करता येत नाही, त्यामुळे उचकटताना त्याच्या मांसल पायाला झालेली छोटी चीरही त्याचा जीव घेऊ शकते. म्हणून न्यूझीलंडमध्ये काळ्या पायाच्या ‘पावा’चे (अबालोनचे तिथले नाव) किमान 125 मिलिमीटरचे माप तो खडकावर असतानाच, शिंपल्याच्या सर्वांत लांब व्यासावर घ्यावे आणि पट्टी नंतरच काढावी. कॅलिफोर्नियात लाल अबालोनसाठी 7 इंचांचे गेज लागत असे, पण तिथली हौशी पकड 2018 पासून बंद आहे. जुन्या सामानात ते गेज सापडले तर त्याचा आता उपयोग नाही.

भाल्याने मासे मारणाऱ्यांना मात्र यातले कोणतेच साधन वाचवू शकत नाही, कारण माशाला गेज लावेपर्यंत भाला आरपार गेलेला असतो. फ्लोरिडात हॉगफिश या माशासाठी अटलांटिकच्या बाजूला शेपटीच्या खाचेपर्यंत 16 इंच आणि आखाताच्या बाजूला 14 इंच लागतात. काही जण भाला सोडणाऱ्या बंदुकीच्या नळीवर या अंतराच्या खुणा रंगवतात. त्या उपयोगी पडतात, पण नळी डोळ्याजवळ आणि मासा दूर असल्यामुळे मासा त्या खुणांपेक्षा लहान भासतो, म्हणजे इथली चूक सुदैवाने माशाच्या बाजूने जाते. मासा नळीच्या टोकाच्या अगदी जवळ आला असेल तेव्हाच टोकाकडच्या खुणेशी तुलना करावी, आणि तो काठावरचा वाटला तर घोडा दाबू नये.