सुतळी, गोटी आणि टेनिसचा चेंडू: विज्ञान दालन सगळ्यांचं कसं करायचं

टेनिसचा एक चेंडू घ्या, काचेची साधी गोटी घ्या आणि दोन्हींच्या मध्ये दोन मीटर सुतळी ताणून बांधा. चेंडू पृथ्वी, गोटी चंद्र. पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट अंतरावर चंद्र आहे, ते माप जवळजवळ तंतोतंत जमतं. आमच्याकडे अंध मुलींच्या एका शाळेची सहल आली होती, तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी चेंडू चाचपून सुतळीवरून हात सरकवत निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. "अजून नाही आला?" शेवटी गोटी हाताला लागली तेव्हा म्हणाली, "बाई, पुस्तकात तर चंद्र पृथ्वीला खेटून होता!"

मी मुंबईतल्या एका विज्ञान दालनाच्या वर्कशॉपमध्ये 19 वर्षं मॉडेल बनवते. नवं दालन उभारणारे किंवा शाळेत विज्ञान कक्ष काढणारे विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न रॅम्पचा असतो. रॅम्प हवाच. पण दारातून आत आलेल्या माणसाला विज्ञान हाताला लागलं नाही, तर त्याला आपण नुसतं आत घेतलं, एवढंच झालं.

तरी रॅम्पचं आधी सांगते. उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. म्हणजे 15 सेंटीमीटरच्या पायरीला 180 सेंटीमीटर लांब रॅम्प. गुळगुळीत ग्रॅनाइट लावू नका. जुलैमध्ये ओल्या चपला आणि ओली चाकं त्यावर घसरतात. खडबडीत फरशी घ्या, दोन्ही बाजूंना कठडा द्या. दार 90 सेंटीमीटर रुंद हवं, आणि आत व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ. तिथं नंतर कोणी कुंडी, उभा जाहिरात-फलक किंवा देणगीची पेटी आणून ठेवत नाही ना, हे रोज बघावं लागतं.

टेबलाचं गणित फॅब्रिकेटरला स्वतः समजावून द्या. सवय अशी असते की खाली प्लायचं कपाट बसवायचं आणि त्यात वायरिंग लपवायचं. मग व्हीलचेअरवरचा माणूस टेबलाला आडवा लागतो, कंबरेतून वळून बटण दाबतो. टेबलाखाली 70 सेंटीमीटर उंच आणि अर्धा मीटर खोल जागा मोकळी सोडा, वायरिंग मागच्या बाजूला न्या. बटणं मोठी आणि पृष्ठभागापेक्षा वेगळ्या रंगाची असू द्या. नुसत्या टचस्क्रीनवर चालणारं मॉडेल तर करूच नका. काचेवर बोटाला काहीच सापडत नाही.

आता मला सगळ्यात जवळचा विषय. प्रत्येक मॉडेलसमोर बसून एकच विचारा: यातली मूळ घटना दुसऱ्या कोणत्या इंद्रियाला कळेल? फिरत्या खुर्चीवर बसून सायकलचं चाक तिरकं करायचं आणि खुर्ची आपोआप वळते, हे मॉडेल सगळ्यांना माहीत आहे. व्हीलचेअरवरची व्यक्ती त्या खुर्चीवर बसू शकेलच असं नाही. पण तेच चाक दोन मुठींनी हातात धरून, जोरात फिरवून, तिरकं करून बघा. चाक हाताला विरोध करतं, भलत्याच दिशेला ओढतं. कोनीय संवेग, म्हणजे फिरत्या वस्तूचा फिरत राहण्याचा जोर, मनगटात कळतो, खुर्ची लागतच नाही. ध्वनीसाठी फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून स्पीकरसमोर उभं राहायचं. ऐकू न येणारी मुलं ढोलाचा ठेका फुग्यावर पकडतात आणि पायानं ताल धरतात.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत लावा. केस उभे करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ यंत्राला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) किंवा पेसमेकर असलेल्यांनी हात लावू नये. शक्तिशाली चुंबकांपासूनही त्यांनी दूर राहायचं. गाईडनं हे सगळ्या गटाला आधीच सांगावं, एकट्या मुलाला रांगेतून बाहेर काढून नव्हे.

ब्रेलच्या बाबतीत आमच्या हातून झालेली चूक सांगते. मराठी ब्रेलच्या पट्ट्या करून आणल्या, घाईत उद्घाटनाच्या आदल्या रात्री लावल्या, आणि त्यातल्या दोन उलट्या लागल्या. वाचणारा कोणी आमच्यात नव्हता. पहिल्या दिवशी आलेले एक आजोबा पट्टीवर बोट फिरवत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, याचा काही अर्थ लागत नाही." मला ते अजून लागतं. तेव्हापासून पट्टी लावताना ब्रेल वाचणारी व्यक्ती शेजारी असल्याशिवाय आम्ही स्क्रू आवळत नाही. पट्टी प्रत्येक टेबलाच्या पुढच्या कडेला, एकाच जागी, थोडी तिरकी असावी. भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर ती सापडणार कशी? बागेतल्या मॉडेलांवर धातूची पट्टी मे महिन्यात हात भाजते, तिथं सावली करा. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, म्हणून मोठं ठळक अक्षर आणि ध्वनिमुद्रित माहितीही लागतेच.

भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. त्यामुळे व्हिडिओवर मराठी अक्षरं दिली की काम झालं असं समजू नका, सांकेतिक भाषेतला निवेदकही घ्या. तो स्वतः कर्णबधिर असेल तर उत्तम.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी आठवड्यातून एक सकाळ शांत ठेवा: भोंगे बंद, लुकलुकणारे दिवे बंद, गर्दी मोजकी. एक कोपरा पडदा लावून ठेवा. कुठून आत यायचं, कुठे अंधार आहे, कुठे आवाज होतो, याची फोटोंची चित्रगोष्ट पालकांना आधी पाठवा. फोनवर विचारणाऱ्याला जवळचं स्टेशन, टॅक्सी नेमकी कुठं थांबते आणि स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे.

आणि मॉडेल पक्कं करण्याआधी, पुठ्ठ्याचं असतानाच, दिव्यांग माणसांना बोलवा. त्यांना मानधन आणि टॅक्सीचं भाडं द्या. ते आपलं काम तपासायला आलेले असतात.

चंद्राची सुतळी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. हातांनी ती काळी आणि मऊ पडते. तुटली म्हणून मध्येच गाठ मारू नका, मुलं गाठीलाच चंद्र समजून तिथं थांबतात.